खोबऱ्याचा काटा

रबाऊलला आमच्याकडे विमानं तोलायचा काटा नव्हता.
खोबरं तोलायचा होता,
पळून गेलेल्या चिनी व्यापाऱ्याचा, एक पारडं वाकलेलं.
त्यावर मी शत्रूचं विमान तोललं,
तुकड्या-तुकड्यानं.

टोकुबाकच्या माणसांनी ते दलदलीतून ओढून आणलं होतं.
आखूड, ढब्बू, पिंपासारखं तोंड.
आमची पोरं खिदळली : हे उडतं?
आमच्या विमानाशेजारी ते म्हणजे
हरणाशेजारी रेडा.
मी मेकॅनिक. पाना हातात असताना मला हसू येत नाही.

भोकं मोजली. त्र्याण्णव.
शेपटीचा तर चाळणीसारखा भुगा.
टाकीला रबराचे थर होते, तळाशी थोडं पेट्रोल.
चाकू खुपसला, बाहेर काढला.
दोन थेंब आले
आणि रबर फुगून जखम मिटली.
पुन्हा खुपसला. पुन्हा मिटली.
तिसऱ्यांदा माझा हातच उठला नाही.

आमची टाकी म्हणजे पातळ पत्रा,
नखानं टिचकी मारली तर बोलतो.

बैठकीमागं पोलादाची जाड पाटी.
काट्यावर ठेवली : पाऊण पोतं खोबरं, वर चार मुठी.
पाटीच्या मधोमध गोळीचा खोलगा,
आणि बैठक कोरडी.
रक्त नाही. पट्टे तुटलेले नव्हते, कापलेले नव्हते,
बकल नीट उघडून बाजूला ठेवलेले,
जसं कोणी जेवून उठावं.
टोकुबाकला विचारलं, तो माणूस कुठं गेला?
त्यानं सुपारी गालात सरकवली,
डोंगराकडं पाहिलं, मग समुद्राकडं,
मग माझ्या बुटांकडं.

अहवालात दोन रकाने आखले.
चढणं : आमचं सरस. वळणं : आमचं.
पल्ला : आमचाच, कितीतरी.
शेवटची ओळ, मार खाल्ल्यावर.
त्यांच्या बाजूला त्र्याण्णव लिहिलं.
आमच्या बाजूला लेखणी अडली.
इंजिनिअरसाहेब म्हणाले, कोरं का ठेवलंस?
म्हटलं, साहेब, मोजायला
परत आलेलं एकही नाही.
त्यांनी कागद उलटा करून ठेवला.
त्यावर ज्वालामुखीची राख पडत राहिली,
तिथं सगळ्यावरच पडायची.

रात्री मिनेगिशी आला, कंदील न लावता.
मलेरियानं वाळून काठी झालेला.
म्हणाला, ती पाटी ठेव त्या बाजूला.
या बाजूला स्वतः बसला, पाय वर घेऊन, पोरासारखा.
काटा हलला, डुलला,
आणि जवळजवळ मध्ये उभा राहिला.
"म्हणजे मी दोघं होऊन उडायचं?"
मी म्हटलं, चार बोल्ट लागतील. पहाटेपर्यंत बसवतो.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
आठवड्यापूर्वी त्याचा रेडिओ मीच काढला होता,
खांब माझ्याच करवतीनं कापला होता,
तेवढंच ओझं कमी.
म्हणाला, "कानात आवाज नको,
पाठीत लोखंड नको. चढायला उशीर होतो."
उतरताना पारडं धाडकन आपटलं.
दोघंही दचकलो.

सकाळी नऊ गेली.
मी आकाशात मोजत बसलो : पाच.
एक धूर होता, पण तो डोंगराचा निघाला.
संध्याकाळपर्यंत मी त्याच्या जागेवरची राख
दोनदा झाडली.

पुढं जहाजं यायची थांबली, तांदूळ संपला,
आम्ही रताळी लावली.
लढाई संपेपर्यंत ती त्याच पाटीवर भाजली.
खोलग्यात तेल साचायचं.
तिथलं रताळं सगळ्यांत खरपूस व्हायचं,
त्यासाठी भांडणं व्हायची.
आणि ज्याला मिळायचं तो, कोणीही असो,
खायला बसायचा
पाठ भिंतीला घट्ट टेकवून.